पंपाची खरखर

मी जात्याच संशयी. फुकट मिळालेली कोथिंबीरही उलटसुलट करून बघते. त्यामुळे माझी जुनी पंप शॉटगन बंदूक दुरुस्तीवाल्याच्या हवाली करताना माझा जीव टांगणीला लागला होता.

बंदूक चांगली होती, फक्त पंप खरखरायचा. एक बार झाला की पुढची मूठ मागे ओढून पुन्हा पुढे ढकलायची, तेव्हा रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. माझी मूठ मध्येच अडखळायची, तेवढ्यात हवेत उडवलेली दुसरी मातीची चकती निसटून जायची. आयर्लंडमधल्या गॉलवेबाहेरच्या आमच्या नेमबाजी क्लबच्या संघात एकच जागा उरली होती. संघात आजवर कुणी भारतीय नव्हतं, बाईही नव्हती. मला ती जागा अगदी हट्टाने हवी होती.

त्याच जागेवर दुरुस्तीवाल्याच्या पुतण्याचाही डोळा होता. आणि आसपासच्या भागात परवाना असलेला दुरुस्तीवाला तेवढा एकच. आता सांगा, संशय येणार नाही तर काय!

म्हातारा सत्तरीचा, बोलायला कंजूस. दोन आठवड्यांनी त्याने बंदूक परत दिली.

"काय काय केलंत?" मी विचारलं.

"ग्रँड आहे आता."

"हो, पण केलंत काय?"

"दोन-तीन ठिकाणचे बारीक कंगोरे काढले. बाकी रोज टीव्हीपुढे बसून मूठ मागेपुढे केली. ग्रँड आहे."

हा शब्द इथे चहापासून घटस्फोटापर्यंत सगळ्याला चालतो, त्यामुळे माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. घरी येऊन बंदूक उघडली. मुठीला जोडलेल्या आतल्या पट्ट्यांवर चकाकी नाही, जुने ओरखडे तसेच. मी कंपनीत हृदयात घालायच्या नळ्यांचा गुळगुळीतपणा भिंगाखाली तपासते, मला कोण शिकवणार? मूठ आता लोण्यासारखी सरकत होती हे खरं, पण ते मला कबूलच करायचं नव्हतं.

"त्याने मुद्दाम अर्धवट ठेवलंय," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, स्मूथ चालतेय ना? मग लीव्ह इट ना यार!"

मी कसली सोडतेय. रविवारी दुपारी पॉलिशची पेस्ट घेऊन बसले, पट्ट्या आरशासारख्या घासल्या, पुसल्या आणि बंदूक जोडून टाकली.

निवडीच्या दिवशी पहिल्या सहा चकत्या फोडल्या. सातवीला मूठ निम्म्यात अडकली ती हलेचना. माझं डोकंच फिरलं. अख्ख्या क्लबदेखत, पुतण्याची फेरी बघायला आलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून मी ओरडले, "यांनी केलंय हे! पुतण्यासाठी!"

पुढे येऊन त्याने काडतुसं काढली, बंदूक टेबलावर उघडली आणि आतून पांढरा रुमाल फिरवला. रुमालावर करडा चिखल आला. माझ्या पेस्टची बारीक रेव खाचांमध्ये तशीच राहिली होती, तेलात मिसळून तिने पंप घट्ट धरला होता. घासलं की आधी धुवायचं, हे मी कंपनीत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावते. पेस्टचा तो रंग मी लगेच ओळखला.

म्हाताऱ्याने रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यालाही कळलं होतं. रुमाल घडी करून त्याने खिशात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चूक माझीच. साफ करताना राहून गेलं. यांना पुन्हा फेरी द्या."

मी खाली मान घालून टेबलावरची काडतुसं गोळा करू लागले. त्याने बंदूक स्वच्छ केली, मी फेरी पुरी केली, आणि पुतण्याच्या हातची जागा मला मिळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी हसून हात हलवला.

मी अजून संघात आहे. क्लबातले लोक हल्ली म्हाताऱ्याला सोडून आपल्या बंदुका दुरुस्तीला पार लांबच्या लिमरिक शहरात नेतात.