सुई लागेपर्यंत
मोठ्या आतड्यातला कॅन्सर काढल्यावर तो परत आलाय का, हे बघायला मी दर सहा महिन्यांनी चिंचवडला स्कॅनसाठी जातो. चिखलीचे एक गृहस्थ तिथे हमखास भेटतात; दुखणं तेच. आतडं स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून देतात ते औषध ते ताकासारखं पितात आणि नवख्यांना धीर देतात, “भ्यायचं न्हाई. सुईनं अंग जरा गरम होतं, एवढंच हाय.”

परवा मात्र नर्सने गाठ उठून दिसावी म्हणून टोचतात त्या रंगाची सुई आणताच त्यांनी हात मागे घेतला. मला म्हणाले, “राव, कंपनीत आमी ओतलेल्या लोखंडाच्या कास्टिंगला रंग लावून चिरा हुडकायचो. चीर दिसली, की माल भंगारात.”

मी त्यांची बाही वर सारली आणि सुई लागेपर्यंत हात धरून बसलो. पुढचा नंबर माझा होता.