शिदूचं गाणं आणि साहेबाची शिट्टी

गाणारा माणूस रिकामटेकडा, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा उन्हात रूळ सरकवून बघावा. दहा जणांनी दहा पहारी रुळाखाली घालायच्या आणि एकाच दमात जोर लावायचा. एकाचा जोर मागंपुढं झाला की पहार उसळते आणि कुणाचं तरी हाड मोडतं. तो दम गाणं सांगतं. शिदू ठाकरानं सव्वीस वर्षं हे गाणं सांगितलं, बेगडेवाडीपासून लोणावळ्यापर्यंत. त्यातली सोळा वर्षं तो रागानं गायला, आणि राग यावा असंच घडलं होतं.

एक्कावन्न साली तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतून तो रेल्वेच्या गँगमध्ये आला. गाणं तेव्हा मुकादम इनायत स्वतः सांगायचा. त्याच वर्षी खोकल्यानं त्याचा गळा बसला तसं त्यानं शिदूला पुढं ओढलं.

"आजपासनं तू सांगायचं. पन गानाऱ्यानं पहार धरायची न्हाई. त्याची नजर रुळावर, बाकीच्यांचे कान त्याच्या तोंडाकडं."

शिदूचा आवाज गोड मुळीच नव्हता, फावड्यानं खडी ओढावी तसा होता. पण धडधडत्या मालगाडीवरही तो ऐकू यायचा. शब्द तो उभ्या उभ्या जुळवायचा:

"रूळ झाला वाकडा बाई,
मुकादमाला दिसंना काई..."

पहिल्या ओळीला पहारी बसायच्या, दुसरीला पाय रोवायचे, आणि मग सगळे एकदम "हैश्या!" रूळ बोटभर सरकायचा आणि सगळ्यात मोठ्यानं इनायतच हसायचा.

एकसष्ट साली नवा साहेब रुळावरून ढकलत न्यायच्या ट्रॉलीवरून उतरला.

"हा का नुसता उभा?"

"गानं सांगतोय, साहेब," इनायत म्हणाला.

"इथं गाण्याचा पगार मिळतो का? द्या त्याच्या हातात पहार."

आणि खिशातून त्यानं चकचकीत शिट्टी काढली. उंटावरून शेळ्या हाकणारे असतात. हा ट्रॉलीवरून रूळ हाकायला निघाला. शिदू म्हणाला, "साहेब, शिट्टीला पाय रोवायला येळ मिळत न्हाई." ऐकतो कोण? तिसऱ्या शिट्टीला निम्म्यांनी जोर लावला, निम्मे अजून पहार बसवत होते. उचललेला रूळ धाडकन जानूच्या डाव्या पायावर आला. जानू शिदूच्याच वाडीतला, लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. पाय घोट्यापासून गेला.

मग कागद आला. अपघात जानूच्या निष्काळजीपणामुळं झाला, असं त्यावर लिहिलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! शिट्टीचं नावसुद्धा त्यात नव्हतं. सगळ्यांनी खाली मान घालून अंगठे उठवले, इनायतनंही. घरी पोरंबाळं होती, नोकरीची भीती होती. शिदूनं तेवढे हात मागं बांधले.

"चूक जानूची न्हाई."

"मग कुणाची?" साहेबानं विचारलं.

"तुमाला ठाव हाय."

त्या कागदानं जानूची नोकरी गेली. फाटकावर बसायचं कामसुद्धा त्याला कुणी दिलं नाही, कारण ज्याची चूक त्याला काम कसलं? पण शिदूची तळपायाची आग मस्तकात गेली ती वेगळ्याच गोष्टीनं. साहेबानं ती शिट्टी पुन्हा कधी तोंडाला लावली नाही. दुसऱ्या दिवसापासून गाणं गुपचूप सुरू झालं. म्हणजे त्याला कळलं होतं! कळूनही कागद तसाच ठेवला त्यानं.

तेव्हापासून साहेबाची ट्रॉली लांब दिसली की शिदूचं एकच गाणं:

"शिट्टी कुनाची? साहेबाची!
पाय कुनाचा? जानूचा!
चूक कुनाची?"

पुढची ओळ नव्हतीच. गँग नुसतं "हैश्या!" करायची. शिदूची तीनदा घाटात बदली झाली. तिथल्या गँगलाही त्यानं तेच शिकवलं.

सत्त्याहत्तरच्या श्रावणात शिदू निवृत्त झाला. मळवलीपलीकडं रुळालगत गँगची टपरी होती, तिथं हार-नारळ ठेवले होते. म्हातारा इनायत आणि जुनी गँग आली होती, कुबडीवर जानू आला होता. साहेब आता हुद्द्यानं मोठा झालेला. लोणावळ्याहून ट्रॉलीनं आला. हार घालून म्हणाला, "शिदू, तुझं गाणं होऊ दे!"

"गातो. आदी सगळ्यांम्होरं येवढंच सांगा, जानूची चूक नव्हती."

साहेब हसला. "जुनं कशाला उकरायचं? नोकरी संपली तुझी."

"व्हय, संपली. आता तुमचा हुकूम माज्यावर न्हाई."

आणि शिदूनं गाणं उचललं. पहिल्या ओळीला इनायत उठून ट्रॉलीपाशी गेला. त्याच्यामागं अंगठे उठवणारे बाकीचेही गेले. दुसरीला त्यांनी पाय रोवले. "चूक कुनाची?" म्हणताच म्हाताऱ्यांच्या गळ्यातून असा "हैश्या!" निघाला, की ट्रॉली रुळावरून उठली ती थेट बांधापलीकडं, भाताच्या खाचरात गेली. चाकं चिखलात बुडाली.

"अरे, ही काय चेष्टा! मी जाऊ कसा?" साहेब ओरडला.

"पायानं," शिदू म्हणाला. "तुमचे दोन्ही हाईत."

लोणावळा चार मैल होतं. खाचराकडं कुणी हललं नाही. शेवटी साहेब चकचकीत बुटानिशी निसरड्या खडीवरून चालायला लागला. दहा पावलांत दोनदा अडखळला, तेव्हा सोळा वर्षं गप्प राहिलेला जानू कुबडीवर रेलून पहिल्यांदाच बोलला,

"जपून, साहेब. पडलात तर कागदावर चूक तुमचीच लागंल."