वासाची हजेरी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गुणवंती ओटीवर बसून तिसरी पुरचुंडी शिवत होती. आधीच्या दोन पुरचुंड्यांत सुका जवळा होता. तिसरीत तांदळाचा कोंडा होता आणि त्यात चमचाभर हिंग. तिन्हींचं फडकं एकाच जुन्या लुगड्याचं, आणि दाबून पाहिलं तर तिन्ही हाताला सारख्याच लागत होत्या. तिसरी रघूसाठी होती.

तो २०२१ च्या मे महिन्यातला बुधवार होता. कोरोनामुळे रत्नागिरी बंद होती. भाट्याच्या पुलावर पोलीस उभे असत आणि पास नसलेल्याला परत पाठवत. गुणवंतीच्या भाच्याच्या, ओमकारच्या रिक्षेला पास होता, कारण ती आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, तीन डायलिसिसचे पेशंट शहरातल्या केंद्रात नेई. गुणवंती, रघू आणि मनिषा. तिघंही पुलाअलीकडच्या भाट्याचीच. बाकीचे दिवस तिघं आपापल्या घरात कोंडून घेत. डॉक्टरांनी बजावलं होतं की तुमच्यापैकी एकाला झाला तर रिक्षेत तिघांना होईल, आणि तुमच्या शरीरात त्याच्याशी झुंजायला फारसं काही उरलेलं नाही.

गुणवंतीने पंचवीस वर्षं शहरातल्या बाजारात सुकी मासळी विकली. मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टरांनी सर्वांत आधी मीठ तोडलं, म्हणजे तिचा सगळा धंदाच ताटातून गेला. पण खायला बंदी होती, हुंगायला नव्हती. या रोगात वास जातो हे टीव्हीवर ऐकल्यावर तिने हजेरी सुरू केली. आठ वाजता फोन लागायचा, तिघांनी आपापली पुरचुंडी नाकाशी धरायची आणि वास येतो की नाही ते सांगायचं. पुरचुंडी शिवून द्यायची, कारण उघडी दिली तर रात्री चिमूटभर तोंडात जाईल, हे ती स्वतःवरून ओळखून होती. जवळ्याचा वास उतरला की ती नवी भरून पाठवी.

तिघांचं एकमेकांवाचून अडत असे. मनिषा खासगी शाळेत शिकवायची. केंद्रातली इंग्रजी कागदपत्रं वाचून सगळ्यांना समजावून सांगणं तिच्याकडे होतं. रघू एसटीचा निवृत्त कंडक्टर. एप्रिलमध्ये रक्तवाढीची इंजेक्शनं गावात मिळेनाशी झाली तेव्हा त्याने मालवाहू एसटीवरच्या ओळखीच्या ड्रायव्हरना सांगून ती मुंबईहून बर्फाच्या डब्यातून आणवली, तिघांसाठी.

संशय मंगळवारी संध्याकाळी आला. गुणवंतीच्या परसातून रघूच्या घरामागची दोरी दिसते. दोरीवर जीनची पँट वाळत होती. रघू लेंगा घालतो. त्याची सून समीक्षा साडी नेसते. जीन घालणारा त्या घरात एकच, समीक्षाचा नवरा विनीत, आणि तो मुंबईला.

तिने लगेच फोन केला होता. "रघूभावजी, घरात कोण आलंय?"

"कोण येणार गो? पाहुण्याला पण पास लागतो."

"दोरीवर पँट कोणाची?"

"जुनी हाय. समीक्षाने ट्रंकेतली धुतली."

उत्तर फार लवकर आलं. बाजारात असं पटकन आलेलं उत्तर तिने कधी खरं मानलं नव्हतं.

साडेसातला ओमकार पुरचुंड्या घेऊन निघाला. आठला हजेरी झाली.

"मनिषा?"

"येतोय मावशी. घाणेरडा येतोय. शेजारचं मांजर दारात येऊन बसलंय."

"रघूभावजी?"

"खणखणीत!" रघू म्हणाला. "ह्या खेपेचा जवळा चांगला सुकलाय. नाकात झिणझिण्या आल्या."

गुणवंतीने फोन ठेवला आणि बोटं नाकाशी नेली. ती पुरचुंडी शिवताना तिच्या बोटांना लागलेला हिंगाचा वास दोनदा साबण लावूनही गेला नव्हता.

उद्या गुरुवार होता. रघूला रिक्षेत घेतलं तर तो मनिषाच्या शेजारी बसणार होता. न घेतलं तर त्याची पाळी चुकणार होती. मंगळवारी संध्याकाळपासून त्याच्या पायांवर सूज यायला लागली असणार, कारण तिच्या स्वतःच्या पायांवरही ती आली होती. आणि केंद्राला कळवलं तर? पॉझिटिव्ह पेशंटला तिथे घेत नसत. दुसरीकडे मशीन मिळेपर्यंत काय होतं, हे शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं त्यांनी मार्चमध्ये पाहिलं होतं. तिने मनिषाला काही सांगितलं नाही. आधी स्वतः बघायचं ठरवलं.

दुपारी नाकातोंडाला दोन मास्क बांधून ती रघूच्या अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर उभी राहिली. रघू अंगणात आला, पण गडग्यापासून लांबच थांबला.

"पुरचुंडी उसवा," ती म्हणाली.

"कशाला? आणि तुझं मीठ माझ्या पोटात गेलं तर?"

"उसवा म्हणते ना."

त्याने दाताने टाका तोडला, आत पाहिलं आणि कोंडा तळहातावर ओतला.

"हिंग हाय त्यात," गुणवंती म्हणाली. "सकाळी जवळ्याच्या झिणझिण्या आल्या म्हणालात."

"तुला पोलीस ठाण्यात बसवायला हवी होती, मेल्यांनी उगाच मासळी बाजारात बसवली."

"वास कधी गेला?"

"गेला कधी ते विचारू नको. होता कधी ते विचार." रघू पायरीवर बसला. "तीस वर्षं तपकीर ओढली गो. ही होती तेव्हा माळ्यावर फणस कुजला तरी मला पत्ता नसायचा."

समीक्षा दारात आली. "खरं हाय मावशी. मागे गॅस चालू राहिला होता. बाबा शेगडीशेजारी पेपर वाचत बसलेले."

सून सासऱ्याच्या बाजूने बोलणारच, असं गुणवंतीला वाटलं. तरी फणसाचा दाखला तिला खोडता येईना. हजेरी सुरू केली तेव्हा नाक शाबूत आहे की नाही हे तिने कोणालाच विचारलं नव्हतं. मासळीच्या गावात जन्मलेल्याला सुक्या मासळीचा वास येणारच, हे तिने गृहीत धरलं होतं.

"मग इतके दिवस खोटं का बोललात?"

"पहिल्या दिवशी तुम्ही दोघी येतो येतो म्हणालात. मी नाय म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी रिक्षेत बसवलं असतंस?"

खरं काय ते तिला ठाऊक होतं. बसवलं नसतं.

"आणि पँट?"

यावेळी रघूचं उत्तर यायला वेळ लागला. घराच्या बाजूच्या पडवीचं दार उघडलं आणि उंबऱ्याच्या आत विनीत उभा राहिला, लहान मुलासारखा मान खाली घालून. कंपनी बंद पडली होती. तो शनिवारी मासळीच्या रिकाम्या टेम्पोतून आला होता.

"म्हणजे सोमवारी आम्ही रिक्षेत एकत्र बसलो तेव्हा हा घरात होता," गुणवंती म्हणाली.

"मी त्याच्या जवळ गेलेलो नाय. जेवण पडवीच्या पायरीवर ठेवतो आम्ही."

"हे पण खणखणीत का?"

रघूने तळहातावरचा कोंडा अंगणात झटकला.

ती घरी गेली नाही. गावात तपासणीची गाडी आली होती, शाळेजवळ उभी होती. तिने ओमकारकडून निरोप धाडून सगळ्यांना तिथे बोलावलं. मनिषाला फोनवर पँटपासून सगळं सांगितलं. मनिषा चिडली, मग रडली, मग म्हणाली, "काकांना सोडायचं नाही मावशी. पण माझ्या शेजारीही बसवायचं नाही." रघू आणि विनीत लांब लांब अंतर ठेवून गाडीपाशी आले. नाकात कांडी घालून केलेल्या झटपट तपासणीत सगळे निगेटिव्ह निघाले. त्या कांडीवर किती विसंबायचं हे गाडीवरच्या मुलीलाही खात्रीने सांगता आलं नाही. दुसरा नमुना पुढे पाठवला, त्याचा निकाल शुक्रवारी.

केंद्रात फोन मनिषाने केला आणि काहीही लपवलं नाही. सिस्टर म्हणाल्या, रघूला निगेटिव्हचा कागद देऊन वेगळं, शेवटच्या पाळीला पाठवा, कोपऱ्यातलं मशीन देते.

ओमकार कुरकुरला. "दोन फेऱ्या? पुलावरचा हवालदार विचारेल, मी डायलिसिस चालवतो की जत्रा?"

"त्याला सांग, आत्याला विचार," गुणवंती म्हणाली.

संध्याकाळी रघूचा फोन आला. ती लगेच उचलणार नव्हती, पण उचलला.

"रागावलीस?"

"हो. आणि तुमच्यावर अजून विश्वास बसलेला नाय."

"नसू दे. येणार ना रिक्षा?"

उद्या सकाळी सहाला ओमकारची रिक्षा गुणवंती आणि मनिषाला घेऊन पूल ओलांडेल. त्यांना केंद्रात सोडून तो मागची सीट फिनेलने पुसेल, आणि साडेदहाला रघूच्या गडग्यापाशी येऊन उभा राहील.