घास भरवणारे पाहुणे

परदेशातून येणाऱ्या मिशनऱ्यांना मराठी शिकवण्याचे काम मी कित्येक वर्षे केले. सकाळी शाळेत संस्कृतचे तास आणि सायंकाळी हे अध्यापन, असा माझा क्रम होता. त्यांच्यापैकी पुष्कळ जण माझ्याहून अधिक श्रद्धावान होते. त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी मी चपला काढून दाराबाहेर हात जोडून उभा राहत असे आणि त्यात मला कधीही संकोच वाटला नाही. हे आधीच नमूद करून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात वैताग बराच आहे. तो त्यांच्या देवावर नाही, माणसांवर आहे. आणि त्यातला निम्मा आपल्याच माणसांवर आहे.

जरीपटका या वस्तीच्या पलीकडे मिशनचे एक अनाथालय होते. आईबाप नसलेली मुले तेथे असतच. शिवाय ज्यांचे हातपाय चालत नाहीत किंवा ज्यांना बोलता येत नाही, म्हणून घरच्यांनी सोडून दिली, अशीही काही होती. अनाथालयाच्या प्रमुख एक मराठी ख्रिस्ती बाई होत्या. अत्यंत शालीन आणि अत्यंत कष्टाळू. पाहुणे आले की दुभाषा म्हणून त्या मला बोलावून घेत. मी सायकलने जात असे, आणि सोवळ्याचा नियम असल्यामुळे घरचा डबा बरोबर नेत असे.

तेथे सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. तिचे हात ताठर, मान डावीकडे कललेली, शब्द मोजकेच. परंतु समज लख्ख. मी तिच्याकडे फार वेळ पाहत राहिलो तर ती सरळ "जा" म्हणत असे. तिचे अनाथालयातील वय संपत आले होते. कामठीला अपंग मुलांची एक निवासी शाळा होती आणि तिथल्या बाईंनी तिला घेण्याची तयारी दाखवली होती. अट एकच होती, मुलीला आपल्या हाताने जेवता आले पाहिजे. भरवायला तेथे माणसे नव्हती. कामठीचे जमले नाही, तर पुढे एक सरकारी वसतिगृह होते. तेथे अशी मुले दिवसभर खाटेवर पडून असतात, हे बाईंनी स्वतः जाऊन पाहिले होते.

म्हणून पोळ्याच्या सणापासून तिला जेवायला शिकवणे चालले होते. भिंतीशी विटांवर उंच काठाची परात ठेवायची, त्यात घट्ट कालवलेला वरणभात घालायचा आणि दूर व्हायचे. घास निसटे, गालाला लागे, केसांत जाई. तास-तास जेवण चाले. अनाथालयाची आया परातीपुढे पहारा देत बसे.

"तिच्या ताटाले कोणी हात लावाचा नाही," ती सर्वांना बजावे. "सांडू द्या. सांडलं त मी झाडून घेतो."

दिवाळीनंतर चारांपैकी एखादा घास तोंडात जाऊ लागला. नाताळच्या सुमारास दोन जाऊ लागले. कामठीच्या बाईंना जानेवारीत बोलवायचे ठरले.

आणि नेमके तेव्हाच अमेरिकेतील एका गावच्या चर्चची दहा-बारा मंडळी सेवेसाठी म्हणून येऊन दाखल झाली. असे पाहुणे नेहमी थंडीतच येत. आपला उन्हाळा त्यांना सोसत नाही. दिवाळीत नुकतीच चुन्याने रंगवलेली ओसरीची भिंत त्यांनी पहिल्या आठवड्यात पुन्हा रंगवली आणि तिच्यावर मेंढ्या काढल्या. आयाने बराच वेळ त्या न्याहाळल्या आणि मला विचारले, "पंडितजी, हे ढग हायेत का बकऱ्या?" मी सांगितले, मेंढ्या आहेत. "यांच्या गावात मेंढ्याइले पाय नसतीन," ती म्हणाली.

मेंढ्यांनी कोणाचे काही बिघडले नाही. बिघडवले ते चमच्यांनी. मुठीवर सशाचे चित्र असलेले प्लास्टिकचे चमचे त्यांनी खोकी भरून आणले होते. मंडळीत पांढऱ्या केसांच्या एक उंच बाई होत्या, अतिशय प्रेमळ. त्या मुलीच्या गालावर भात पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी फतकल मारली, मुलीचे तोंड पुसले आणि तिला चमच्याने भरवायला प्रारंभ केला. आया धावत प्रमुख बाईंना घेऊन आली. मी शेजारीच होतो.

"तुम्ही कशाला त्रास घेता? राहू द्या ना," बाई हसून म्हणाल्या.

मी भाषांतर केले.

"त्रास कसला! हा माझा आनंद आहे."

मी तेही भाषांतर केले.

"नाही, पण दमला असाल. चहा घेता का?"

पाहुण्या बाई म्हणाल्या, चहा नंतर घेऊ, आधी या लेकराचे पोट भरू दे. भरवणे चालू राहिले. मुलीने आधी चमच्याकडे संशयाने पाहिले. मग तिच्या ध्यानात आले की हे काम फारच सोपे आहे.

मी बाईंना बाहेर घेऊन गेलो. "बाई, तुम्ही 'नको' हा शब्द एकदाही उच्चारला नाहीत."

"इतक्या लांबून आलेल्या माणसाला तोंडावर नको कसं म्हणायचं, पंडितजी? समजेल त्यांना."

"त्यांना समजणार नाही. त्यांच्याकडे माणूस राहू द्या म्हणतो, तेव्हा त्याला खरोखर काही अडचण नसते."

"मग तुम्ही जरा समजेल असं सांगा ना."

"तुम्ही जे बोलतच नाही, त्याचे भाषांतर मी कसे करू?"

यावर बाईंनी मला चहा दिला. मीही तो नाकारला नाही, म्हणजे घेतला नाही, पण नकोही म्हणालो नाही. तो माझ्या पुढ्यात गार होत राहिला आणि आत भरवणे सुरूच राहिले. आपल्याकडे ही एक रीतच आहे. तिच्यापायी घरे चालतात, आणि तिच्यापायीच माणसे बुडतात.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. बाई रोज नव्या शब्दांत पाहुण्यांची काळजी वाहत होत्या आणि पाहुण्या रोज आभार मानत होत्या. शेवटी मी मंडळीच्या पुढाऱ्यांना गाठले. ते निवृत्त पाद्री होते, स्थूल आणि हसतमुख. त्यांना मी इंग्रजीत, एकही अलंकार न वापरता, सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पण तिला आई नाही. चार दिवस कोणी प्रेमाने भरवले, तर काय बिघडले? आम्ही गेल्यावर तुम्ही पुन्हा शिकवा."

तसे पाहिले तर यात दुष्ट काहीच नव्हते. मी स्वतः देवापुढे नैवेद्य ठेवतो, तो देवाला हात नाहीत म्हणून नव्हे. तरीही मी त्यांना सांगितले की कामठीच्या बाई तुम्ही जाण्याआधीच येणार आहेत.

"हे आम्हाला आधी का नाही सांगितले?" त्यांनी विचारले.

याला उत्तर काय द्यायचे? आधी आम्ही चहा विचारत होतो.

त्यांनी लगेच मंडळीला एकत्र केले, प्रार्थना केली आणि भरवणे बंद करण्यास सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या. परंतु पांढऱ्या केसांच्या बाईंना राहवत नसे. आयाची पाठ वळली की दोन चमचे होतच. आणि मुलगी आता परातीला हातच लावीना. हात मांडीवर ठेवून, तोंड उघडून ती दाराकडे पाहत बसे.

"महाराणी झाली गा पंडितजी, महाराणी," आया म्हणाली. "मले म्हणते, भरव. मी काहून भरवू? मले का ससा हाय चमच्यावर?"

मग तो दिवस आला. कामठीच्या बाई बसने आल्या. मध्यम वयाच्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. त्या जमिनीवर बसल्या. परात ठेवली गेली. सभोवार सगळी पाहुणे मंडळी भिंतीला टेकून ओळीने उभी राहिली. कित्येकांचे ओठ प्रार्थनेत हलत होते. पांढऱ्या केसांच्या बाईंनी दोन्ही हात काखेत घट्ट धरून ठेवले होते. प्रमुख बाईंच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

मुलीने तोंड उघडले आणि वाट पाहिली. कोणी हलले नाही. तिने तोंड मिटले, सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि पुन्हा उघडले.

माझा स्वभाव शांत आहे असे लोक म्हणतात. त्या दिवशी मात्र मी आधी मराठीत आणि मग इंग्रजीत मोठ्याने बोललो. "हे जेवण आहे. दहा-बारा माणसे उभी राहून तोंडाकडे पाहत असतील तर मलाही घास उचलवणार नाही. एकतर बाहेर जा, नाहीतर पंगतीला बसा. आणि ते चमचे आणू नका."

प्रमुख बाईंनी चटया टाकल्या. आयाने पाने मांडली, वरणभात वाढला. पाहुण्यांनी गुडघे मोडत, कण्हत कशाबशा मांड्या घातल्या. मी पलीकडच्या भिंतीशी कोपऱ्यात अंतर राखून बसलो, पानाभोवती पाणी फिरवले आणि आपला डबा उघडला. कामठीच्या बाईंनाही वाढले गेले आणि त्या जेवू लागल्या.

हाताने वरणभात जेवण्याचा त्या मंडळींचा पहिलाच प्रसंग असावा. वरण कोपरापर्यंत ओघळले. पाद्रीसाहेबांचा घास सदऱ्यावर पडला. पांढऱ्या केसांच्या बाईंनी भात मुठीत धरला, तो तोंडापर्यंत नेला आणि तिथून तो सगळाच मांडीवर आला.

मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. ती खदखदून हसली. "सांडलं," ती म्हणाली.

मग तिने परातीत हात घातला. पहिला घास निसटला. दुसरा हनुवटीला लागला. तिसरा तोंडात गेला.

आणि पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कोणीतरी भजनही सुरू केले. मुलीचा हात परातीवर अधांतरी थांबला. तिने सगळ्यांकडे पाहिले, आणि आता आणखी काही मिळेल या आशेने तोंड उघडून बसली.

मी कपाळ हातात धरले.

"झालं," आया म्हणाली. "जेवून राहिली होती चांगली."

कामठीच्या बाईंनी मान वर केली नव्हती. त्यांनी पानातला शेवटचा भात निपटला, हात झटकला आणि प्रमुख बाईंना म्हणाल्या, "सोमवारी पाठवा. येतं तिला. आमच्याकडे जेवताना टाळ्या वाजवायला कोणी मोकळं नसतं."

प्रमुख बाई पदराने डोळे पुसू लागल्या. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या काय म्हणाल्या हे त्यांना जाणून घ्यायचे होते. मी एकही शब्द न गाळता सांगितले.

त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.