सरळ बघितलं की तोंड नाही

दत्ताराम शिर्क्यांनी पस्तीस वर्षं काळाचौकीत टपाल वाटलं. पत्ता अर्धवट असला तरी पत्र बरोबर घरी पोचायचं, कारण चाळीचाळीतली माणसं त्यांना चेहऱ्यानिशी ठाऊक होती. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी नेमके चेहरेच नाहीसे व्हायला लागले. समोरच्याकडे सरळ पाहिलं की कान दिसत, केस दिसत आणि मधे नुसता धुरकट डाग. तीनदा चष्मा बदलून झाला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "पडद्याचा मधला भाग झिजलाय. तुमच्या प्रकाराला इंजेक्शन लागू पडत नाही. कडेचं मात्र दिसत राहील."

त्या कडेच्या नजरेवर ते जिना उतरत, रस्ता ओलांडत, दूध आणत. त्यामुळे कुणाला पटतच नव्हतं. "काका, खाली पडलेली चावी बरी दिसली!" म्हणून शेजारची प्रिती हसली, तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं. घरात येऊन औषधाची बाटली भिंगाखाली धरली, तर नाव वाचायला जावं तिथलंच अक्षर गायब. बाटली त्यांनी आपटली. त्यांच्या बायकोने, नलूने, काचा गोळा केल्या.

गंगाधर घाडी हे त्यांचे जुने दोस्त. रोज संध्याकाळी साडेपाचला नाक्यावर दोघांची बैठक ठरलेली. एकदा दत्ताराम त्यांच्या समोरून तसेच निघून गेले आणि गंगाधरांनी बोलणं टाकलं. नलूकडून हे कळल्यावर दत्ताराम तडक नाक्यावर गेले. दोस्ताचा चेहरा दिसावा म्हणून त्यांनी मान जरा वळवली.

"बघा, वर तोंड फिरवतो!" गंगाधर उसळले.

"अरे मेल्या, तुला बघायलाच फिरवलं! सरळ बघितलं की तुला तोंडच नसतं!"

डोळ्यांचं सगळं ऐकून गंगाधरांनी सरकून त्यांना बसायला जागा दिली. मग म्हणाले, "आधी नाही बोलायचं?"

"बोललो असतो तर हाताला धरून फिरवलं असतंस."

हाताला धरलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून गंगाधर लांबूनच बोंब मारू लागले, "दत्ता, मी गंगाधर! पुढे पायरी आहे रे!" अख्खा नाका वळून बघायचा.

"डोळे बिघडलेत, कान नाहीत!" दत्ताराम खेकसले.

दोन दिवस आवाज उतरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दत्ताराम धुमसत राहिले, नलूजवळ रोज तक्रार करत राहिले, आणि साडेपाच वाजले की तिलाच विचारत, "माझी चप्पल कुठे ठेवलीस?"