विसळलेली बाटली

मागच्या डिसेंबरात तुम्ही दोघं सावेडीच्या घरी आला होतात. तेव्हा थोरलीने माझ्या कपाटातली काचेची छोटी बाटली बेसिनवर विसळायला घेतली आणि मी तिच्यावर ओरडले. ती रडली नाही, पण जेवताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. धाकट्याने विचारलं, "आजी, त्यात काय होतं?" मी म्हटलं, "काही नाही."

ते खरंच होतं. त्या बाटलीत काही नाही, आणि म्हणूनच मी ती ठेवली आहे. पण एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही. ओरडण्याचं कारण मी द्यायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी धरणातून खूप पाणी सोडावं लागलं आणि प्रवरेला पूर आला. कोल्हारच्या आसपासच्या गावांत विहिरींत नदीचं पाणी शिरलं. प्रत्येक विहिरीचं पाणी तपासायचं होतं आणि सरकारी प्रयोगशाळा एकटीने ते करू शकत नव्हती. म्हणून कॉलेजांच्या आणि खाजगी प्रयोगशाळांना मदतीला घेतलं. पण कोणत्या गावची बाटली कुठे पाठवायची, कुठे वीज आहे, कोणता रस्ता उघडा आहे, हे बघायला एक माणूस हवं होतं. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाने मला विचारलं, कारण जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत माझा कोणी ना कोणी विद्यार्थी होता.

तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर बसून काम केलं. भिंतीला जिल्ह्याचा नकाशा, हाताशी फोन. तुमचे आजोबा जेवणाचं ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसत. प्रयोगशाळेत मी एकदाही पाऊल टाकलं नाही.

बाटल्या गार ठेवून न्याव्या लागतात, नाहीतर वाटेतच जंतू वाढतात. बर्फाच्या पेट्या पुरेनात. तेव्हा नगरमधल्या एका कुल्फीवाल्याने आपला फ्रीझरचा टेम्पो दिला. पावसाळ्यात त्याचा धंदा बंदच असायचा. "मॅडम, गाडी खाली उभी हाय, तुमी पाणी भरा नाहीतर मलई," तो म्हणाला. गावांत तो शिरला की मुलं मागे धावत. तो मला फोन करायचा, "मॅडम, पब्लिक विचारतंय, मटका हाय का पिस्ता. काय सांगू?" मी म्हणायचे, "सांगा, विहिरीचा फ्लेवर आहे." त्या दिवसांत मी हसले असेन तर त्याच्यामुळेच.

गावात बाटली भरण्याचं काम आशाताई करत. सरकारच्या आरोग्याच्या कामात गावोगाव जाणाऱ्या बायकांना आशा म्हणतात. नदीकाठच्या एका गावातली आशाताई मला सगळ्यांत जवळची वाटायची, आम्ही एकमेकींना पाहिलेलंही नसताना. ती रोज दुपारी फोन करायची. मागून तिच्या सासूबाईंचा आवाज यायचा. पुरानंतर पाणी उकळून प्यायचं असं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सासूबाईंना उकळलेलं पाणी अजिबात चालत नव्हतं.

"मॅडम, सकाळपासून भांडत्यात," ती सांगायची. "म्हणत्यात, उकळल्याल्या पान्याला चव न्हाई, कोंबडी उकळल्यावानी लागतंय."

मागून आवाज यायचा, "सांग तुज्या मॅडमला, मेल्यावर तरी गार पानी पाजशील का मला!"

"ऐकलं का?" ती हसून विचारायची. "लई हट्टी हायत."

आता बाटलीकडे येते. पाण्यातले जंतू मोजायचे तर बाटली आधी निर्जंतुक करावी लागते आणि तिच्या तळाला एक औषध घालावं लागतं. ते सुकल्यावर पांढरा डाग दिसतो. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असली तर हे औषध बाटलीत शिरलेल्या पावडरचं काम तिथल्या तिथे थांबवतं. नाहीतर पावडर वाटेतच जंतू मारत राहते, आणि विहीर घाण असूनही बाटली स्वच्छ निघते. म्हणून बाटली विसळायची नाही. विसळली की औषध जातं.

सूचनांचा कागद मी लिहिला. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, तरी मराठीत नीट, क्रमांक घालून अकरा सूचना लिहिल्या आणि मला त्यांचा अभिमान वाटला. सातवी सूचना होती, "बाटली विसळू नये." बस, एवढीच.

त्या गावची बाटली एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीने दुपारी फोन केला. "मॅडम, या बाटलीला ब्लीचिंगचा वास येतोय. क्लोरीन तपासायचे थेंब टाकून पाहिले तर पिवळं झालं. आपलं औषध असताना पिवळं व्हायला नको ना?"

मी नकाशासमोर उभी होते. दुसऱ्या फोनवर कोणीतरी रस्ता बंद झाल्याचं सांगत होतं. मी म्हटलं, "पिवळं म्हणजे पावडर टाकलीय, चांगलंच आहे. नोंद कर आणि पुढचं घे."

ती म्हणाली, "हो, मॅडम."

त्या बाटलीबद्दल आमच्यात एवढंच बोलणं झालं. एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. औषध असलेल्या बाटलीत पिवळा रंग दिसला तर बाटली बाजूला काढायची आणि नवा नमुना मागवायचा, हे मीच वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

दोन दिवसांनी अहवाल आला, पाणी पिण्यास योग्य. मी तो गावाला कळवला. तिथे जाणारा पाण्याचा टँकर दुसऱ्या गावाकडे वळवला, तोही माझ्याच सांगण्यावरून. दुपारी आशाताईचा फोन आला. आवाज नाचत होता. "मॅडम, सासूबाईंना मी स्वतः तांब्या भरून दिला. म्हणलं, घ्या, प्या आता गार पानी. दोन पेले प्याल्या. म्हणाल्या, आत्ता जिवात जीव आला."

आठवड्याभरात त्या गावातून जुलाब-उलट्यांचे रुग्ण येऊ लागले. पुन्हा नमुने घेतले, ते घाण निघाले. बाकीचे रुग्ण बरे झाले. आशाताईच्या सासूबाई झाल्या नाहीत. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

ही बातमी मला कुल्फीवाल्याने सांगितली. त्या दिवशी त्याने कुठलाच फ्लेवर काढला नाही. मी म्हटलं, "मला त्या गावाला न्याल का?" तो म्हणाला, "चला मॅडम."

टेम्पोत पुढच्या सीटवर बसून मी गेले. रस्ताभर मनात एकच प्रश्न होता. त्या बाटलीतलं औषध गेलं कुठे? घालायचं राहिलं होतं का? म्हणजे चूक बाटल्या तयार करणाऱ्यांची का? मला तसं असावंसं वाटत होतं, हे तुमच्यापासून लपवत नाही.

घर लहान होतं, पत्र्याचं, पण लख्ख. आशाताई माझ्या मुलीच्या, म्हणजे तुमच्या आईच्या वयाची निघाली. तिने मला खुर्ची दिली. मग मांडणीवरचा पेला घेतला. तो इतका स्वच्छ होता की त्यात खिडकी दिसत होती. तिने त्यात घोटभर पाणी ओतलं, गोल फिरवलं, दारातून बाहेर फेकलं, आणि मगच भरून माझ्यासमोर धरला.

मला तिथेच कळलं.

तुम्हाला हे कदाचित समजणार नाही, कारण तुमच्याकडे पाणी नळातून थेट ग्लासात येतं. आपल्याकडे पाहुण्याला न विसळलेला पेला देत नाहीत. धुऊन ठेवलेला असला तरी देत नाहीत. माझी आई असंच करायची आणि मीही करते.

मी विचारलं, "ताई, ती बाटली भरताना विसळली होती का?"

"इसळली ना मॅडम, दोनदा," ती म्हणाली. "तळाला पांढरं कायतरी हुतं. म्हणलं, तुमच्याकडं जायची वस्तू, घाण कशी दिऊ? आन् नमुना न्यायला येनार म्हणून पंचायतीच्या शिपायानं पावडर बी टाकली हुती त्याच वक्ताला."

म्हणजे पावडर विहिरीत पडून पाच मिनिटंही झाली नसतील. बाटलीत ती वाटभर जंतू मारत राहिली; पुराने गढुळलेल्या विहिरीत मात्र ती पुरली नाही.

मला गप्प बसता आलं असतं. तेराव्याच्या आधी एका सुनेला असं सांगायचं कशाला? पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विहिरीची बाटली तीच भरणार होती, आणि तीही ती विसळणारच होती. पाणी पिऊन मी पेला खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. आधी माझ्या फोनचं. प्रयोगशाळेतली मुलगी मला नीट सांगत होती आणि मी ऐकलं नाही, हे. मग बाटलीचं.

ती म्हणाली, "म्हंजे इसळली नसती तर कळलं असतं."

"कळलं असतं. आणि मी फोन ऐकला असता तरीही कळलं असतं."

"तुमी ऐकलं न्हाई ते तुमचं, मॅडम. इसळली मी. आन् प्या म्हणाले ते बी मीच."

ती उठली, पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला माझा कागद काढला आणि बोट ठेवून वाचू लागली. सातव्या ओळीवर बोट थांबलं.

"लिव्हलंय," ती म्हणाली. "पर का, ते न्हाई लिव्हलं. आमी घाण काढायला इसळतो. तळाला औषध हाय एवढं लिव्हलं असतं, तर मी बोट सुदिक लावलं नसतं. बारावी झालीय मी, मॅडम. कळलं असतं मला."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

वर्गात मी 'का' सांगितल्याशिवाय कधी पुढे गेले नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही सांगायचे. गावातल्या बायकांसाठी लिहिताना मात्र मला वाटलं, त्यांना काय करायचं तेवढं सांगितलं की पुरे. हे कोणी मला शिकवलं नव्हतं. ते माझ्यातच होतं.

परत आल्यावर मी कार्यालयाला माझी चूक लेखी कळवली. पत्राची नोंद घेतली असं उत्तर आलं. नव्या कागदावर एकच ओळ मोठ्या अक्षरात घेतली, तळाला औषध आहे, ते धुतलं तर घाण पाणीही चांगलं दिसेल. बाकीच्या दहा सूचना खाली बारीक. विद्यार्थिनीकडून ती बाटली मागून घेतली. उजेडात धरली तर तळ अगदी स्वच्छ दिसतो, डाग नाही. कपाटात आहे ती हीच.

आशाताईने काम सोडलं नाही. तिच्या बाटल्या पुढे कधी चुकल्या नाहीत. फोन मात्र रोजचा राहिला नाही, कामापुरता झाला. कुल्फीवाला सांगायचा, "गाडीपाशी येती, पेटी ठेवती, जाती. हसत न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा तिच्याकडे गेले. काही काम नव्हतं. सासूबाईंचा फोटो भिंतीवर लागला होता. आवाजावरून मला त्या धिप्पाड वाटायच्या, पण फोटोत अगदी बारीक होत्या. तिने खुर्ची दिली, मांडणीवरचा पेला घेतला, तांब्या उचलला, आणि तिचा हात तिथेच थांबला.

माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मॅडम, इसळू का?"

थट्टा नव्हती ती. तिला खरंच विचारायचं होतं.

"विसळा ना, ताई," मी म्हटलं.

ती पेला घेऊन मोरीवर गेली आणि माझ्याकडे पाठ करून विसळत राहिली. एवढ्याशा पेल्याला लागतो त्याहून किती तरी जास्त वेळ पाण्याचा आवाज येत होता. मी फोटोकडे बघत बसले. मग ती पेला भरून घेऊन आली, आणि मी ते पाणी सगळं प्यायले.