सहावा आकडा

शिवकन्येला कुणाला माफ करणं जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. लोक म्हणतात, बाईच्या जातीनं एवढं धरून ठेवू नये. ज्यांच्या आडवी कधी पायरी आली नाही, ते असंच म्हणणार.

ती पशुसखी आहे. गावोगाव फिरून शेळ्या-मेंढ्यांना लस टोचते. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. मांडीपासून खाली लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, आणि तो बुटालाच जोडलेला. बूट काढला की उभं राहणं संपलं. तिच्याकडं बॅटरीवरची स्कूटर आहे, मागं दोन जादा चाकं लावलेली. पुढं थर्माकोलची पेटी, पेटीत बर्फ, बर्फात लस. कळमनुरीच्या पलीकडची सगळी गावं एका चार्जिंगमध्ये होत नाहीत. म्हणून नांदेड रोडला माणिकरावानं हॉटेलाशेजारी सरकारी अनुदानातून चार्जिंग स्टेशन टाकलं, तेव्हा पेढे हिनं वाटले होते.

पण माणिकरावानं ते मशीन बसवलं कसं? अडीच फूट उंच ओट्यावर. चार पायऱ्या, वर पत्रा, मशीनला हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार. पहिल्या पायरीला पाटी : 'चपला खाली काढा.' नारळ फोडून बसवलेल्या वस्तूपुढं पायताण कसं चालेल? मी हसत नाही. दसऱ्याला आपण ट्रॅक्टरही पुजतो. पण पूजा झाल्यावर ट्रॅक्टर रानात नेतो, देवळात ठेवत नाही.

मे महिन्यातली दुपार. स्कूटर कशीबशी स्टेशनला पोचली. शिवकन्या बसून, हातांवर जोर देत पायऱ्या चढायला लागली. गल्ल्यावरून माणिकराव ओरडला, "ए पोरी! बूट काढ आधी."

"निघत न्हाई हो, पायालाच हाय तो."

"मंग खाली बस. माणूस जेवायला गेलाय. आला की लावील."

"तुमीच लावा की. लस हाय पेटीत, गरम होऊन राहिली."

"अन् गिऱ्हाईक तुहा बाप बघंल काय?" मग टेबलावरच्या लोकांकडं वळून म्हणाला, "आता लंगड्यांलाबी मोटारी पाहिजेत!"

टेबलं हसली. माणूस दोन तासांनी आला. पेटीत बर्फाचं कोमट पाणी झालं होतं. साठ डोस तिनं जनावरांच्या दवाखान्यात नेऊन खराब म्हणून जमा केले.

दुसरी लस यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात, जिच्याकडं ती लस निघाली होती त्या बनाबाईच्या कळपात रोग शिरला. अकरा बकऱ्या गेल्या. बनाबाईनं कळमनुरीच्या बाजारात तोंड सोडलं, "लंगडीच्या भरोशावर बसले अन् कळप धुऊन गेला." पुढच्या महिन्यात चार गावांनी शिवकन्येला बोलावलंच नाही. बारा वर्षांत कमावलेलं नाव एका बाजारात गेलं.

माझ्याकडं आली तेव्हा ती रडली नाही. मी अपंगांच्या संघटनेचं काम करतो; तडक मोर्चाच्या गोष्टी सुरू केल्या. ती म्हणाली, "दादा, तुमी ओरडताल, तो चहा पाजील. मला त्याचं मशीन बंद पाहिजे."

मशीनच्या मागं इंग्रजी नियमांचा एक कागद चिकटवलेला होता. माणिकरावानं तो कधी वाचला नसावा. हिनं स्टेशनच्या माणसाकरवी फोटो काढून मोबाईलवर त्याचं मराठी करून घेतलं होतं. अपंग माणसाला मशीनपर्यंत पोचता येत नाही अशी तक्रार सात दिवसांत मिटली नाही, तर मशीन आपोआप बंद. उघडायचं तर तक्रारदाराच्या मोबाईलवर आलेला सहा आकडी नंबर पाहिजे; तो तक्रार मिटेपर्यंत बदलत नाही, आणि एकदा जरी चुकीचा टाकला तर मशीन महिनाभर बंद.

तिनं मोबाईलवरूनच तक्रार टाकली. आठव्या दिवशी मशीन बंद पडलं. कंपनीचा रुद्र नावाचा इंजिनिअर आला. त्यानं पायऱ्यांवर एक फळी टाकली आणि शिवकन्येला फोन लावला, "ताई, उतार केला. ओटीपी सांगा."

तिनं सावकाश पाच आकडे सांगितले.

"अन् सहावा?"

"सहावा ओट्याखाली हाय. खोदा."

माणिकरावानं चार दिवस आरडाओरडा केला. बॅटरीच्या गाड्या न थांबता नांदेडकडं निघून जायला लागल्या, तसा आवाज उतरला. पाचव्या दिवशी त्यानं स्वतः घण उचलला. मशीन जमिनीवर आलं, वायर लांब झाली, पडद्यावर मराठी आली. शिवकन्या बुटासकट गेली, वायर ओढून गाडीला लावून बघितली.

"झालं ना आता, ताई?" माणिकराव म्हणाला. "सांगा तेवढा आकडा."

"मेसेज पुसला मी. बनाकाकूपाशी ठेवलाय आकडा. तिला मागा."

आदल्या दिवशीच ती बनाबाईकडं जाऊन आली होती. एवढंच म्हणाली होती, "हा आकडा ध्यानात ठेव. कोणी मागायला आलं, तर काहून पाहिजे ते आधी विचार."

माणिकराव तिकडं निघाला, मागं स्कूटरवर शिवकन्या. मीही मागोमाग गेलो. खोटं कशाला बोलू, बघायलाच गेलो. बनाबाई कळपाजवळ बसलेली, आजूबाजूला पाच-सहा माणसं. माणिकरावानं आकडा मागितला.

"काहून पाहिजे?"

"मशीन बंद हाय."

"काहून बंद हाय?"

"तक्रार केली न् हिनं."

"काहून केली?"

माणिकराव शिवकन्येकडं बघायला लागला. ती बकऱ्यांकडं बघत होती. शेवटी तो पुटपुटला, "लस घेऊन आली होती. म्या ओट्यावर चढू देली न्हाई."

"मोठ्यानं बोल. या लोकायलाबी ऐकू दे."

त्याला सगळं परत सांगावं लागलं; दोन तास, बर्फ, टेबलावरचं हसणंसुद्धा. बनाबाईनं आपल्या राहिलेल्या बकऱ्या नजरेनं मोजल्या. मग दोन्ही हात वर केले; एकाची पाच बोटं, दुसऱ्याची दोन. माणिकरावानं सात दाबून रुद्रला पाठवला आणि पाठ फिरवून चालायला लागला. पुढं महिनाभर चौकात त्याला लोक 'सात नंबर' म्हणत होते. मीच सुरू केलं होतं ते.

बनाबाई शिवकन्येला म्हणाली, "माय, बाजारात म्या लई वाईट बोलले."

"व्हय, बोलली."

"लहानी पिल्लं राहिलीत टोचायची. येशील?"

"सोमवारी येते." शिवकन्येनं स्कूटर चालू केली. "पिल्लांसाठी. तुह्यासाठी न्हाई. अन् या बाजाराला जाशील, तवा जिथं बोलली तिथंच उभी राहून सांग. मी ऐकायला येणार हाय."